जुन्या कागदातलं आम्ल कसं काढावं, आणि कुठला कागद पाण्यात घालूच नये

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली की साधारण सारखाच ऐवज निघतो. तळाला मोडीतली खतं, त्यावर हळदीच्या अडतीच्या चोपड्या, मग नाटकांची रंगीत हस्तपत्रकं, 1942 नंतरच्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला. पाहणारा आधी मोडीच्या कागदाकडे काळजीने बघतो, कारण तो सगळ्यात जुना. बहुतेक वेळा तोच सगळ्यात धडधाकट असतो. घडी उघडली तरी तुटत नाही. कात्रणाला मात्र बोट लावलं की कोपरा हातात येतो.

याचं कारण कागद कशाचा आणि कसा केला त्यात आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्या आणि ताग-अंबाडीसारख्या धाग्यांपासून बनायचा. त्याचे तंतू लांब, आणि करताना चुन्याचा वापर झालेला. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी लाकडाचा लगदा वापरायला सुरुवात केली. लाकूड दळून लगदा करायची युक्ती जर्मनीत 1844 च्या सुमारास निघाली. शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीची खळ द्यायची पद्धत त्याआधीच, 1807 मध्ये, तिथल्याच एकाने सांगून ठेवली होती. या खळीतलं ॲल्युमिनियम सल्फेट हवेतल्या दमटपणाशी मिळून हळूहळू आम्ल तयार करतं, आणि ते आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या द्रव्याच्या, लांब साखळ्या तोडत जातं. दळलेल्या लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य उजेडाने पिवळं पडतं आणि स्वतःही आम्ल सोडतं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हाची पत्रकं आणि वर्तमानपत्रं फारच हलक्या कागदावर छापलेली. सातारा-सांगलीत प्रतिसरकारच्या काळातलं काही घरात असेल, तर ते बहुधा याच जातीचं असणार.

आम्ल काढल्याने कागद पुन्हा तरुण होत नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्या. तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत आणि ठिसूळ कागद लवचीक होत नाही. पुढची झीज मंदावते, एवढंच. म्हणून ज्याचा फक्त मजकूर हवा आहे त्याचा चांगला फोटो काढा आणि कागद पाकिटात ठेवून द्या. एरवीही काहीही करण्याआधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्याच. पाण्यात गेलेली शाई परत येत नाही.

आधी ढीग वेगळे करा

आम्ल काढायचं म्हणजे पान ट्रेमधल्या द्रावणात बुडवायचं. माझ्या मते या कामाचं निम्मं कसब ट्रेपर्यंत काय न्यायचं नाही हे ठरवण्यात आहे. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा आणि ऐवज वेगवेगळा काढा.

मोडी कागद बाजूला ठेवा. काजळाची शाई उजेडाने उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते आणि पाण्यात डिंक सुटतो. कागद मुळात आम्लधर्मी नसेल तर त्याला धुण्याची गरजही नाही.

तपकिरी झालेली, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली, काही अक्षरांच्या जागी भोकं पडलेली शाई दिसली तर ती हिराकस आणि मायफळासारख्या टॅनिनच्या पदार्थांपासून केलेली असणार. इंग्रजी अमदानीतल्या कचेरीच्या कागदांवर ती सर्रास असते. तिच्यातलं लोह आणि आम्ल मिळून कागद खातात. साध्या पाण्याने लोह सुटून आजूबाजूला पसरतं आणि नुकसान वाढतं. यावर फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य, वापरून करायचा वेगळा उपचार आहे, पण तो प्रशिक्षित माणसाने करायचा.

जांभळे रबरी शिक्के, कॉपिंग पेन्सिलीचा (भिजली की जांभळी होणाऱ्या) मजकूर, फाउंटन पेनची निळी शाई आणि जलरंग पाण्यात पसरतात. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा असलेले जुने नकाशे, म्हणजे ब्लूप्रिंट, पाण्याला टिकतील, पण अल्कलीने, म्हणजे चुन्यासारख्या आम्ल मारणाऱ्या पदार्थाने, त्यांचा निळा रंग उडतो. फोटो तर या कामात आणूच नका.

आता आपल्याकडचा खास प्रकार. लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या चोपड्या, कोपऱ्याला हळद लावलेल्या लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका. हळद अल्कलीत लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याच गुणासाठी. आपण आम्ल मारायला अल्कलीच वापरणार, त्यामुळे पिवळी बोटं तांबडी होतील आणि नंतर पूर्ववत पिवळी होतीलच असं नाही. पूजेच्या खुणा हा त्या चोपडीच्या इतिहासाचाच भाग आहे. अशी पानं कोरडीच ठेवा.

शिवलेली, बांधलेली पुस्तकंही पाण्यात जात नाहीत. त्यांचं पुढे सांगतो.

मग ट्रेसाठी काय उरतं? काळ्या छपाईच्या शाईतली सुटी पानं: कात्रणं, हस्तपत्रकं (रंग तपासून), छापील दाखले, मासिकांचे सुटे अंक. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, आणि तीही ज्याची दुसरी प्रत आहे अशा कागदावर. परवाच्या रद्दीतलं वर्तमानपत्र घेऊन दोन-तीनदा सराव केला तरी चालेल. ओलं पान उचलायचं कसं हे हाताला कळणं महत्त्वाचं.

आम्ल आहे का ते बघणं

पिवळा कागद आम्लधर्मीच असेल असं नाही आणि पांढरा निर्दोष असेल असंही नाही. कागद तपासायचं पेन मिळतं. त्याची रेघ जांभळी आली तर कागद साधारण ठीक, पिवळी किंवा बिनरंगी राहिली तर आम्ल आहे. पण ती रेघ पुसता येत नाही, म्हणून ती आपोआप गळलेल्या कपच्यावरच ओढा.

पीएच पट्टी त्याहून बरी. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप: 7 म्हणजे मध्यम, आकडा त्याहून जितका खाली तितकं आम्ल जास्त, वर गेला तर अल्कली. रंग न सोडणारी पट्टी मागा. समासाच्या कोपऱ्यावर डिस्टिल्ड पाण्याचा एकच थेंब ठेवा, त्यावर पट्टी, त्यावर पारदर्शक पॉलिस्टरचा तुकडा आणि लहानसं वजन. पाच मिनिटांनी रंग बघा. पाण्याचा डाग राहू शकतो, तेव्हा इथेही सुटा कपचा असेल तर उत्तम. 6.5 च्या वर आलं तर कागद तसाच ठेवा. 5 च्या खाली असेल तर उपचाराचा विचार करा. मधल्या आकड्यांना कागदाचं मोल आणि शाई बघून ठरवा.

सामान

डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथे बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं, तेव्हा लेबल वाचा आणि घरी आल्यावर पट्टी बुडवून बघा. बोअरचं पाणी नको. त्यातलं लोह कागदात बसलं तर पुढे डाग येतात. दोन-तीन उथळ प्लॅस्टिकचे किंवा इनॅमलचे ट्रे, पान झोपवायला पॉलिस्टरची बारीक जाळी किंवा न विणलेलं पॉलिस्टर कापड, भरपूर टीपकागद, मऊ ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून घ्या. पानवाल्याच्या चुन्यात काय काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही. फळ्याचा खडूही चालत नाही, कारण तो बऱ्याचदा जिप्समचा असतो आणि जिप्सम आम्ल मारत नाही.

हंगाम जपा. पावसाळ्यात हे काम काढू नका. पानं दिवसेंदिवस ओली राहतात आणि बुरशी धरतात. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतची कोरडी हवा सगळ्यात सोयीची.

दोन द्रावणं

व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो यांनी 1940 च्या दशकात रूढ केलेली पद्धत दोन ट्रेची होती: आधी चुन्याचं पाणी, मग कॅल्शियम बायकार्बोनेट. घरगुती कामाला मी कागदाच्या जातीप्रमाणे यातलं एकच वापरायला सांगेन.

दाखला किंवा मासिकाचं गुळगुळीत पान, म्हणजे बऱ्या लगद्याचा कागद असेल तर चुन्याची निवळी. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सपाट चमचाभर, साधारण 2 ग्रॅम, कॅल्शियम हायड्रॉक्साइड टाका, घट्ट बूच लावून हलवा आणि रात्रभर ठेवा. लिटरभर पाण्यात तो दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, बाकीचा तळाला बसतो. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या आणि त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा. डोळ्याला आणि कातडीला हे झोंबतं, म्हणून चष्मा आणि मोजे. बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून निवळी पांढरट आणि निरुपयोगी होते. ताजी आहे का बघायला सांगलीकराला पट्टी विकत घ्यायला नको: टीपकागदाची चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि तिच्यावर थेंब टाका. लगेच तांबडी झाली तर निवळी जिवंत आहे.

वर्तमानपत्राच्या कागदाला ही निवळी फार तीव्र. दळलेल्या लाकडातलं लिग्निन अशा अल्कलीत आणखी काळवंडतं. त्याला बायकार्बोनेट द्यावं. घरी सोडा करायचं यंत्र असेल तर डिस्टिल्ड पाणी फ्रीजमध्ये गार करून त्याचा सोडा करा. गार पाण्यात वायू जास्त मुरतो. वायू भरून झाल्यावर, आधी नव्हे, लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची पूड टाका, बूच लावा, हलवा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि नितळ पाणी वापरा. बाजारच्या सोड्यात बऱ्याचदा खाण्याचा सोडा असतो. बाटलीवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच लिहिलं असेल तरच ती घ्या. मिल्क ऑफ मॅग्नेशिया सोड्यात घालायची कृतीही पुष्कळजण सांगतात. औषधात स्वाद आणि गोडी घातलेली असते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

दोन्हींचा शेवट एकच. पान वाळताना हवेतला वायू आत येतो किंवा पाण्यातला बाहेर जातो, आणि तंतूंमध्ये खडूचे बारीक कण राहतात. पुढे जे आम्ल तयार होईल ते या शिल्लक साठ्यात मरतं. अमोनियाची धुरी दिल्याने आम्ल तात्पुरतं मरतं खरं, पण असा साठा मागे राहत नाही.

प्रत्यक्ष काम

पानावरची धूळ मऊ ब्रशने मधून कडेला झटका. टाचण्या आणि स्टेपल काढा. गंजलेली टाचणी ओढून काढली तर कागद फाटतो, तेव्हा तिच्याखाली पॉलिस्टरचा तुकडा सरकवून टोक हळू उचला. सेलोटेप ओढू नका. ती निघत नसेल तर ते पान तूर्त बाजूला.

आता शाईची परीक्षा, आणि इथे घाई करणाऱ्याने हे काम सोडून द्यावं. पानावर जितक्या शाया आहेत तितक्या सगळ्या तपासायच्या: छपाई, सही, शिक्का, मागच्या बाजूचा पेन्सिलीचा आकडा, तिकीट. प्रत्येकीच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब ठेवा, मिनिटभर थांबा, टीपकागदाने टिपा. टीपकागदावर रंग आला तर त्या पानाचं काम संपलं. नाही आला तर तीच परीक्षा द्रावणाने पुन्हा. साध्या पाण्यात गप्प राहिलेला हस्तपत्रकाचा गुलाबी रंग निवळीत सुटू शकतो. काही कागद तर जमिनीचाच रंगीत असतो.

पान दोन जाळ्यांमध्ये ठेवा. यापुढे पान हाताने उचलायचं नाही, जाळी उचलायची. ओला आम्लधर्मी कागद स्वतःचं वजनही पेलत नाही. आधी वरून पाण्याचा फवारा मारून पान सगळीकडे सारखं ओलं करा, नाहीतर अर्धं फुगतं, अर्धं कोरडं राहतं आणि सुरकुत्या पडतात.

पहिल्या ट्रेत डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात निवळीचे थोडे थेंब टाकून पीएच 8 च्या आसपास आणा. निव्वळ डिस्टिल्ड पाणी हवेतल्या वायूमुळे स्वतःच किंचित आम्लधर्मी असतं. जाळीसकट पान 20 ते 30 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. विरघळणारं आम्ल आणि कागदाच्या झिजेतून आलेला पिवळेपणा बाहेर येतोय. पाणी बदला, पुन्हा ठेवा. रंग येणं थांबेपर्यंत हे चालू द्या.

मग उपचाराचा ट्रे. निवळीत किंवा बायकार्बोनेटमध्ये अर्धा तास, मधून मधून ट्रे हलका झुलवायचा. बायकार्बोनेटवर पांढरी साय दिसली तर वायू उडून खडू बाहेर पडतोय, नवं द्रावण घ्या. मग जाळी एका कडेने तिरपी उचला, पाणी निथळू द्या, आणि पान जाळीसकट टीपकागदावर ठेवा. उपचारानंतर धुवायचं नाही, नाहीतर साठा निघून जाईल.

वाळवण सावलीत, पंख्यापासून लांब. उन्हात मुळीच नाही. जवळजवळ वाळलेलं पान कोरड्या टीपकागदांमध्ये घालून वर प्लायवूडची फळी आणि वजन ठेवा. पहिल्या दिवशी टीपकागद दोन-तीनदा बदला, मग आठवडाभर तसंच राहू द्या. नंतर पुन्हा पट्टी लावा. 7.5 ते 9 च्या दरम्यान आलं तर काम झालं. त्याहून कमी आलं आणि कागद दुसऱ्यांदा भिजणं सोसेल असा असेल, तरच पुन्हा करा.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची पातळ खळ लावा. पोस्टर चिकटवणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. आपल्या कामात ते विष आहे, कारण तांबं कागदाची झीज वाढवतं.

पुस्तकांचं आणि ठेवण्याचं

बांधलेलं पुस्तक उसवून धुणं हे पुस्तकबांधणी जाणणाऱ्याचं काम. घरी एवढं करता येईल: पुस्तकात ठेवलेली कात्रणं, बिल्वपत्रं, मोरपीस काढा. पानांमध्ये कात्रण ठेवलं असेल तर समोरासमोरच्या दोन्ही पानांवर त्याच्या आकाराचा तपकिरी डाग दिसेल. आम्ल शेजारी सरकतं, म्हणून उपचार झालेलं पान जुन्याच पुठ्ठ्याच्या फाइलीत परत ठेवण्यात अर्थ नाही. चित्रांच्या पानांपुढे आणि पुठ्ठ्याच्या आत अल्कली साठा असलेला पातळ कागद घालता येतो. मात्र फार पानं घातली की पुस्तकाचा कणा फुगतो. परदेशात मॅग्नेशियम ऑक्साइडचे बारीक कण फवारून पुस्तक न भिजवता आम्ल मारतात. ते सामान महाग असतं, आणि एखाद-दुसऱ्या पुस्तकासाठी मागवावं असं मला वाटत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात कागद दाखवला की हमखास विचारतात, "काका, लॅमिनेट करून देऊ का?" नको म्हणा. उष्णतेने वितळलेलं प्लॅस्टिक कागदात मुरतं, पुन्हा सुटत नाही, आणि आम्ल आत तसंच कोंडलेलं राहतं. पारदर्शक हवं असेल तर पॉलिस्टरचं पाकीट, दोन कडा उघड्या ठेवून. पीव्हीसीचे वास येणारे फोल्डर नकोत. मोडी कागदांना धुवून कांजी काढलेला मांजरपाट उत्तम. जुना लाल रुमाल रंग सोडतो का ते ओल्या बोळ्याने आधी बघा.

कागद खाणारी शाई, फायटेटचं काम, किंवा ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही असं काही हाती आलं, तर पुणे जवळ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांच्या जतनाची परंपरा आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे. आधी फोटो पाठवून सल्ला विचारा, कागद घेऊन एसटीत बसायची घाई नको.

पाकिटावर साध्या पेन्सिलीने लिहा: कुठलं द्रावण, आधीचा पीएच, नंतरचा पीएच, तारीख. पुढे कुणी उघडेल त्याला हे कळायला हवं.

पेटी कुठे ठेवायची हा सांगलीत वेगळाच प्रश्न. 2005, 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी ज्या भागांत शिरलं तिथे तळमजला बाद. पत्र्याखालचा माळाही बाद, कारण उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो आणि उष्णतेने झीज वेगाने होते. वरच्या मजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट निवडा. मोरीची भिंत लागून असेल तर तेही नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप असताना, कपाटाचं दार तासभर उघडं ठेवा आणि कसर लागली आहे का ते बघा.